मोटार पुण्याला, घर चिपळूणला

मोटार पुण्यात तयार उभी आहे, घर आहे चिपळूणला आणि मध्ये सह्याद्री आहे. वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ही स्थिती कधी ना कधी येते. गावांची नावे तेवढी निराळी असतात. कोणाची मोटार कोइमतूरला असते आणि घर उदगमंडलला, कोणाची चंदीगडला आणि घर सिमल्याला. हवी ती गाडी किंवा हवा तो रंग जवळपास मिळत नाही, नाहीतर मोठ्या शहरातला मेहुणा सारी व्यवस्था आधीच करून ठेवतो, आणि मग घरच्या पहिल्या मोटारीचा पहिलाच प्रवास डोंगरातून होतो.

हा प्रवास आनंदाचा खराच. परंतु किंमत ठरवताना, रंग निवडताना आणि मुहूर्त काढताना एका गोष्टीचा विचार सहसा कोणी करीत नाही. त्या दिवशी मोटार नवी असते, ब्रेक नवे असतात, टायर नवे असतात आणि चालवणाराचा हातही बहुधा त्या गाडीला नवाच असतो. घाट तेवढा जुना असतो. या नव्या मंडळींची आणि जुन्या घाटाची पहिली भेट घाईत होऊ देऊ नये, एवढ्यासाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून आपण कराडहून चिपळूणला उतरणारा कुंभार्ली घाट घेऊ.

मोटार आणायला जाल तेव्हा एस. टी.ने जा आणि दिवसाउजेडी जा. जमल्यास पुढची जागा मिळवा. ज्या रस्त्याने आपल्याला मोटार घेऊन परतायचे आहे तो रस्ता जाताना प्रवासी म्हणून पाहून घेणे, यासारखी स्वस्त आणि उपयोगी शिकवणी दुसरी नाही. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, यांच्या दरम्यान पहिली एस. टी. धावली, तेव्हापासून घाटांची जेवढी माहिती या गाडीच्या चालकांनी गोळा केली आहे तेवढी क्वचितच कोणी केली असेल. चालकाचा उजवा पाय आणि डावा हात पाहत राहा. वळण येण्याआधी तो गिअर बदलतो, वळणात बदलत नाही. समोरून उतरणारी एस. टी. दिसण्यापूर्वीच तिच्या इंजिनाचा घुमणारा आवाज कानांवर येतो. तो आवाज त्रासाचा नव्हे. इंजिन गाडीला मागे ओढून धरीत असल्याची ती खूण आहे. रस्ता कोठे रुंद आहे, थांबायला जागा कोठे आहे, डोंगराचे पाणी कोठे रस्त्यावर येते, कठडा कोठे तुटला आहे, हे मनात टिपून ठेवा. शेजारी बसलेल्या मुलांना हे काम दिले तर ती ते आपल्यापेक्षा चांगले करतात, आणि त्यांचे पोटही ढवळत नाही.

पोफळी मागे पडली की चढ सुरू होतो. डोंगर कापून रस्ता केला आहे तेथे काळ्या कातळाचे थर एकावर एक रचल्यासारखे दिसतील. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे लोटामागून लोट पसरत गेले आणि थिजले. त्यांचे हे थर. पावसाळ्यात याच पायऱ्यांवरून धबधबे कोसळतात, आणि सांध्यांत पाणी मुरून दरडीही याच थरांवरून सुटतात. म्हणून जेथे उभे राहून धबधब्याचे छायाचित्र घ्यावेसे वाटते, तेथे फार वेळ उभे राहणे शहाणपणाचे नसते.

आणि मग घाटमाथा येतो. येथे नवख्या माणसाला एक नवल वाटते. डोंगर चढून आलो म्हणजे पलीकडे तितकेच उतरायचे, अशी आपली कल्पना असते. पण पलीकडे उतार जवळजवळ नाहीच. कोयनानगर, पाटण, मल्हारपेठ, कराड असा रस्ता नदीच्या सोबतीने सौम्यपणे जातो. सह्याद्री हा दोन्ही बाजूंनी उतरता डोंगर नसून दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडची तुटलेली कड आहे. देशावरून येणाऱ्याला तो डोंगर वाटतच नाही. कोकणातून येणाऱ्याला तो भिंतीसारखा दिसतो. परतीच्या प्रवासात हीच गोष्ट आपल्याला फसवते. पुण्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटर मोटार सुखाने येते, चालवणाराला वाटते की गाडी आता हाताखाली आली, आणि नेमक्या त्याच वेळी, दिवसभराच्या थकव्यानंतर, पायाखालची जमीन एकदम खाली जाऊ लागते.

या उंचीचे मोल महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखले. कोयना नदी मुळात पूर्वेला वाहणारी. कराडला प्रीतिसंगमावर ती कृष्णेला समोरासमोर भेटते आणि दोघी मिळून बंगालच्या उपसागराकडे जातात. १०३ मीटर उंचीचे धरण बांधून तिचे सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी अडवले गेले आणि त्यातले पुष्कळसे बोगद्यांतून पश्चिमेला वळवून या कड्याच्या पोटातून खाली सोडण्यात आले. पोफळीला डोंगराच्या आत, भूमिगत वीजगृहात ते जनित्रे फिरवते आणि पुढे वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते. १९६२ साली येथे वीज निर्माण होऊ लागली. पुढच्या टप्प्यांनंतर या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉटपर्यंत गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, कोयनानगरची घरे पडली, माणसे दगावली. धरण मात्र टिकले आणि नंतर त्याला अधिक बळकटी देण्यात आली.

हे सारे मोटारीच्या लेखात कशाला, असे कोणी विचारील. कारण हेच की पाणी ज्या उंचीवरून उतरते त्याच उंचीवरून आपली मोटार उतरणार आहे. पाण्याची ती शक्ती जनित्रे घेतात. मोटारीची कोणी घ्यायची? चार माणसे आणि सामान धरून मोटारीचे वजन दीड टन माना आणि घाटमाथ्यापासून चिपळूणच्या सपाटीपर्यंतचा उतार ठोकळमानाने ६०० मीटर माना. एवढ्या उतारात जी शक्ती मोकळी होते ती सगळी उष्णतेत बदलली, तर तिने साधारण २८ लिटर गार पाणी उकळीपर्यंत तापेल. म्हणजे जवळजवळ दोन घागरी! काही भाग हवेचा रोध आणि टायर घेतात. उरलेली सारी उष्णता जर पायाखालच्या ब्रेकनेच सोसायची ठरवली, तर ती चाकांतल्या चार लहान चकत्यांवर आणि त्यांना घासणाऱ्या पट्ट्यांवर येते. पट्ट्या फार तापल्या की त्यांची पकड सुटते. त्याहून अधिक तापले तर ब्रेकच्या तेलाला उकळी फुटते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाखालचा ब्रेक कापसासारखा मऊ लागून खाली जातो.

याला उपाय एकच आणि तो एस. टी.च्या चालकाने आपल्याला दाखवला आहे. उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर खाली आणावा. ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुना नियम आजही खोटा ठरलेला नाही. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढला की नव्या मालकाच्या पोटात गोळा येतो; आपली नवी कोरी मोटार रडते आहे असे त्याला वाटते. भिऊ नये. फेरे दाखवणारा काटा लाल खुणेपासून दूर असला म्हणजे इंजिनाला काही होत नाही. ब्रेक लावायचा तो थोडा वेळ, ठामपणे, आणि वळणाच्या आधी. मग पाय पूर्ण उचलावा, म्हणजे तेवढ्यात चकत्यांना वारा लागतो. पाय सतत हलकेच टेकवून ठेवणे ही सर्वांत वाईट सवय.

इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरण्याची कल्पना काहींच्या डोक्यातून अजून गेलेली नाही. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळत राहते. म्हणजे बचत नाही ती नाहीच, वर इंजिनाचा आधारही गेला. इंजिन बंद करून उतरणे हा तर शुद्ध अविचार आहे, कारण ब्रेक आणि सुकाणू या दोन्हींना मिळणारी मदत त्याबरोबर जाते. आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारीतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. ती कोठे आहे हे घाटात शोधू नये, पुण्यातच विचारून घ्यावे. विजेवरची मोटार असेल तर तिची मोटर उतारावर जनित्राचे काम करते आणि कोयनेच्या पाण्याप्रमाणे थोडी वीज परत मिळवून देते. पण घाटमाथ्यावरच बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागा नसते आणि हा रोध कमी पडतो. अशा मोटारीने माथ्यावर थोडी रिकामी बॅटरी घेऊनच यावे.

आता पुण्यातल्या कामाकडे वळू. तेथे पेढे, हार, छायाचित्र या गडबडीत दोन तास कसे जातात ते कळत नाही, आणि तपासण्याच्या गोष्टी राहून जातात. कागदांवरील चॅसिस क्रमांक आणि मोटारीवरचा क्रमांक आपल्या डोळ्यांनी जुळवून पाहावा. विक्रीचा दाखला, विम्याचा कागद, नोंदणीची पावती, दोन्ही किल्ल्या, जॅक, जादा चाक, धोक्याचा त्रिकोण ही सारी मंडळी हजर आहेत ना ते पाहावे. मोटार एका जिल्ह्यात घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात नोंदवायची असेल, तर तात्पुरती नोंदणी लागेल काय, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारलेले बरे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारीला उच्च सुरक्षेची क्रमांकपट्टी सक्तीची आहे. टोलनाक्यांसाठी फास्टॅग लावलेला असेल. त्यात पैसे आहेत का ते पाहा.

विम्याविषयी एक शब्द अधिक. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. पण स्वतःच्या मोटारीचे नुकसान भरून देणारा भाग निराळा असतो आणि तो मुदतीनुसार पुन्हा घ्यावा लागतो. ‘तीन वर्षांचा विमा आहे’ एवढे ऐकून निश्चिंत होणारांना हा फरक दुर्दैवाने नुकसान झाल्यावर कळतो.

टायरमधली हवा अवश्य तपासावी. कोठारात उभ्या असलेल्या गाड्यांत ती पुष्कळदा प्रमाणाहून जास्त भरलेली असते, आणि जास्त हवेचा टायर ओल्या वळणावर रस्ता कमी पकडतो. योग्य प्रमाण चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर छापलेले असते. टाकीत इंधन बेताचेच दिलेले असते, म्हणून पहिला मुक्काम पंपावर. आणि पंपावर डिझेल की पेट्रोल हे स्वतः मोठ्याने सांगावे. पूजा मनोभावे करावी. चाकाखाली लिंबू ठेवावे, नारळ वाढवावा, कुंकवाचे स्वस्तिकही काढावे. मात्र निघण्यापूर्वी समोरच्या काचेवर लोंबणारा हार काढून घ्यावा. देवाला त्यात राग येण्यासारखे काही नाही.

नवे ब्रेक आणि नवे टायर यांची पूर्ण पकड यायला पहिले दोनतीनशे किलोमीटर जावे लागतात. पट्ट्या चकत्यांवर नीट बसायच्या असतात, टायरवरचा कारखान्यातला गुळगुळीतपणा झिजायचा असतो. या दृष्टीने कुंभार्लीची वाट नव्या मोटारीवर मेहेरबानच म्हटली पाहिजे. कारण पुणे ते कराड हे सुमारे १६० किलोमीटर आणि पुढे कोयनानगरपर्यंतचा रस्ता, एवढी तालीम उताराआधी आपोआप घडते. वेग एकसारखा न ठेवता कमीजास्त ठेवावा. इंजिन फार ताणू नये, आणि वरच्या गिअरमध्ये धडधडवूही नये. मागे कोणी नाही असे पाहून चारदोनदा मध्यम जोराने ब्रेक लावून पाहावा, म्हणजे पायाला त्याची ओळख होते. ताम्हिणी किंवा वरंधा घाटाने कोकणात उतरणारांना ही सवलत मिळत नाही. त्यांनी मोटार ताब्यात घेतल्यावर एक दिवस शहराबाहेरच्या सपाट रस्त्यावर फिरवून मग निघावे.

चिपळूणचे एक कुटुंब आमच्या परिचयाचे आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात त्यांची जुनी मोटार दारातच बुडाली. पुढे नवरात्रात नवी मोटार पुण्याला मिळायची ठरली. गृहस्थ निवृत्त शिक्षक; त्यांचा आग्रह असा की दसऱ्याच्या संध्याकाळी मोटार दारात उभी राहिलीच पाहिजे. विक्रेत्याकडे दसऱ्याला ही गर्दी. मोटार हाती यायला दुपार टळून जाणार हे उघड होते. बाईंनी निक्षून सांगितले, “अहो, दसरा काय, पुढच्या वर्षीही येईल. घाट मात्र अंधारात उतरायचा नाही.” शेवटी पूजा दसऱ्याला, रात्रीचा मुक्काम कराडला आणि घाट दुसऱ्या दिवशी सकाळी, असे ठरले.

सकाळी मोटार मुलाच्या हाती होती. शहरात तीन वर्षे चालवलेला, हात साफ. पण घाट त्याने स्वतः कधी उतरला नव्हता. हेळवाकच्या पुढे धुके होते, ते विरले तसा त्याला हुरूप आला. मोटार चौथ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर. पाचसहा वळणे झाली असतील नसतील, तोच मागून आई म्हणाली, “काहीतरी जळल्यासारखा वास येतोय रे.” मुलाला वाटले, नव्या गाडीचा वास असतोच. वडिलांनी मात्र पुढच्या रुंद जागेवर मोटार बाजूला घ्यायला लावली. चाकाजवळ हात नेला तर धग लागत होती. मुलगा पाण्याची बाटली घेऊन आला, तेव्हा वडिलांनी त्याला थांबवले. ते बरोबरच होते. लालबुंद तव्यावर गार पाणी ओतले तर तवा जसा वाकडा होतो, तशाच तापलेल्या चकत्याही होतात. त्यांनी मोटार गिअरमध्ये ठेवली, चाकांना दगड लावले आणि सगळी अर्धा तास कठड्याआत गप्पा मारीत बसली. समोर दरीभर उन्हे पसरली होती, गवताच्या टोकांना पिवळेपण येऊ लागले होते, आणि खालून चढणाऱ्या गाड्यांचे आवाज आधी येत होते, गाड्या मागून दिसत होत्या.

तेवढ्यात वरून एक एस. टी. उतरत आली. वडील म्हणाले, “ऐक.” ती दुसऱ्या गिअरमध्ये घुमत वळणावर आली, क्षणभर ब्रेक लागला, सुटला, आणि ती पुढे निघून गेली. पुढचा सारा घाट मुलाने त्याच रीतीने उतरला. वास पुन्हा आला नाही.

रस्ता अरुंद असेल तेथे उतरणाऱ्याने थांबावे आणि चढणाऱ्याला वाट द्यावी, असा नियमच आहे. चढणारा भरलेला ट्रक एकदा थांबला की त्याला पुन्हा उचलणे अवघड जाते. आपल्याला थांबायला काही कष्ट पडत नाहीत. अंध वळणावर हॉर्न द्यावा, रात्री दिवे एकदा खालीवर करावेत. धुक्यात झोत खाली ठेवावा. वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. चालू मोटारीत धोक्याचे चारही दिवे लुकलुकत ठेवण्याची एक नवी खोड दिसते. त्यामुळे मागच्याला आपण वळणार की थांबलो हे कळत नाही. माकडांना खाऊ देऊ नये. ती रस्त्यावर बसायला शिकतात आणि चाकाखाली येतात. कोयनेचे अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तेव्हा पहाटे आणि तिन्हीसांजेला मोटारीपुढे कोण येईल ते सांगता येत नाही.

चढून घरी जाणाऱ्यांची, म्हणजे आमच्या निलगिरीतल्या आणि हिमालयातल्या वाचकांची, कसोटी उलटी असते. त्यांच्या नव्या इंजिनाला पहिल्याच दिवशी ओझे ओढावे लागते. त्यांनी माणसे आणि सामान कमी घ्यावे, वरच्या गिअरचा हट्ट धरू नये, आणि इंजिनाच्या तापमानाकडे लक्ष ठेवावे. पण घर डोंगरावर असले की कधी तरी खाली यावेच लागते. उदगमंडलहून मसिनगुडीकडे उतरणाऱ्या कल्हट्टीच्या वाटेवर ३६ उलटी वळणे आहेत. तेथे दुसऱ्या गिअरची किंमत कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

पोफळी येते, शिरगाव येते, हवा जड आणि ओलसर लागू लागते, म्हणजे कोकण लागले. शिरगावच्या आसपास चहाला थांबलात तर चाकापाशी एकदा हात नेऊन पाहा. ऊब असावी, धग नसावी. पुढे बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा महामार्ग आडवा येतो आणि गाव सुरू होते.

त्या कुटुंबाने घरी पोहोचल्यावर दाराशी मोटार उभी केली, बाईंनी तिला औक्षण केले, शेजारच्या मुलांना पेढे वाटले. नंतर मुलाने विचारले, “बाबा, रात्री कुठे लावू?” जुनी मोटार जेथे बुडाली ती जागा दाराशीच होती. वडिलांनी त्याला गल्लीच्या टोकाचा, चढावरच्या एका ओळखीच्या घराचा अंगणभाग दाखवला. पावसाळ्याचे चार महिने मोटार तेथे ठेवण्याचे त्यांनी पुण्याला जाण्यापूर्वीच ठरवून ठेवले होते.